आग विझवायचा वर्ग

वनखात्याच्या राऊत नावाच्या साहेबानं आमच्या नववीच्या वर्गाला फसवलं, आणि आमच्या शाळेच्या हेडमास्तरानं त्याला साथ दिली. फसलेल्यांत मी होते. नुकसान झालं ते माझ्या भावाचं. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवत नेऊन शेवटी भांडं फोडायची मला सवय नाही. वरोऱ्याच्या बाजारात मी मोह, हिरडा, चिंच आणि डिंकाचा धंदा उभा केला, कुणाच्या ओळखीवर केला नाही, आणि पहिल्यापासून माझी पद्धत एकच आहे. मालातली खोट आधी उघडी करायची, भाव नंतर बोलायचा. व्यापारी म्हणतात, बाई तोंडाची फटकळ आहे, हसत नाही, समोरच्याला चोर समजूनच बोलायला बसते. बरोबर आहे. ती समजूत मी कुठून आणली ते या प्रकरणात आहे.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं, जिथं धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं तिथं. घर कवेलूच्या छपराचं, दोन खोल्यांचं. बाबा सावलीच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे आणि आठवडी बाजाराच्या दिवशी घरी यायचे; बाकीचे दिवस घरात माय, दिनूभाऊ आणि मी. मोह फुलायला लागला की घराचा चेहराच बदलायचा. अंगणात फुलं, ओसरीवर फुलं, खाटेखाली फुलं, देवाच्या कोनाड्यासमोरही पोत्यावर पसरलेली फुलं. पाय ठेवायला जागा नसायची. वास असा गोड आणि जड की सुरुवातीला डोकं भणभणायचं, मग तो वास आहे हेच कळेनासं व्हायचं. शाळेत मात्र रज्जाक, म्हणजे आमच्या वर्गातला सायकलवाल्या करीमभाईचा मुलगा, नाक धरून ओरडायचा, ‘‘आली रे वच्छला, दारूची भट्टी चालत आली!’’ मी त्याला दप्तरानं हाणायचे. पण त्याच्या डब्यात सालन असलं आणि माझ्या डब्यात मोहाचे लाडू असले की आमचा तह व्हायचा. माय वाळलेली फुलं तव्यावर भाजून तिळाबरोबर कुटायची आणि मुठीएवढे लाडू वळायची. ताजी फुलं असली तर लाखोळीच्या डाळीत शिजवायची. आज माझ्या गोदामात मोहाची पोती छताला टेकलेली असतात, पण तसला लाडू मला कुणी करून देत नाही. मागितला तर नोकर समजतात बाईंना वेड लागलं.

जंगल सरकारचं होतं, पण मोहाची झाडं घराघरांची होती. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. नाल्यापलीकडची तीन झाडं आमची, त्यांना लागून निकुऱ्यांची, टेकडीच्या पायथ्याचं वाकडं झाड एका विधवा बाईचं. लग्नात मुलीला झाड दिलेलंही मी पाहिलं आहे. आणि प्रत्येक घराचं फुलं पडायच्या आधीचं एक काम असायचं. पानगळीनं झाडाखाली घोट्याएवढा पाचोळा साचतो. त्यात पडलेलं फूल दिसत नाही, आणि पाचोळ्यात हात घालावा तर खाली काय वळवळत असेल सांगता येत नाही. म्हणून तो पाचोळा जाळून जमीन मोकळी करायची. आमच्या घरी हे काम माय फार निगुतीनं करायची. आधी झाडाभोवती रुंद गोल झाडून घ्यायची, दव असतानाच दिनूभाऊ गोलाच्या आत काडी लावायचा, आणि मी ओलं पोतं घेऊन कडेनं फिरायची. ठिणगी उडाली की पोतं. सगळीच घरं असं करत नव्हती, हेही सांगते. काही लोक काडी टाकून घरी भात खायला निघून जात, आणि ती आग टेकडीवर चढून रानच्या रान काळं करत जाई. खातं त्या लोकांवर चिडलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. आम्हीही चिडायचो.

दिनूभाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. बारावी झालेला, आणि त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. त्याला नाकेदार व्हायचं होतं. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. खाकी कपडे, सायकल, महिन्याचा पगार, आणि त्याच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठं म्हणजे दिवसभर जंगलात राहायची परवानगी. भरती निघाली तेव्हा तो नहराच्या पाळीवरून धावायचा आणि माय दारात उभी राहून त्याला शिव्या द्यायची, कारण धावून आला की तो भाताचं अख्खं भगोणं रिकामं करायचा. ‘‘सरकार घेईन तवा घेईन, आदी मलेच खाऊन टाकन हा!’’ असं म्हणत ती त्याच्या ताटात अंडं ठेवायची. माझ्या ताटात अंडं नसायचं आणि मी त्यावरून रोज भांडायची. छाती मोजली, उंची मोजली, लांब चालायची चाचणी झाली, यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, म्हणजे नावावर कुठं गुन्हा नाही ना, एवढंच बघायचं. गुन्हा कसला असणार? माय त्या दिवसांत परड्यात वांगी तोडतानासुद्धा गुणगुणायची. बाबा बाजाराच्या दिवशी घरी आले की दिनूभाऊला मुद्दाम ‘‘नाकेदारसाहेब, तंबाखू द्या’’ म्हणायचे आणि आपणच हसायचे.

अशात राऊतसाहेब शाळेत आला. वनखात्याचा क्षेत्रसहायक, आमच्या भागातले सगळे नाकेदार त्याच्या हाताखाली. हेडमास्तरानं प्रार्थनेनंतर त्याची ओळख करून दिली आणि सांगितलं की दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्या मुलांना आग विझवायचं प्राथमिक शिक्षण मिळेल, जिल्ह्यात असा वर्ग आपल्याच शाळेत होतो आहे, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुस्तक मिटून आग शिकायची म्हटल्यावर कोण टाळ्या वाजवणार नाही?

आणि तो शिकवायचा चांगला, हेच मला आजही सहन होत नाही. वाईट शिकवणाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही. त्यानं फळ्यावर त्रिकोण काढला, एका बाजूला जळण, दुसऱ्या बाजूला हवा, तिसऱ्या बाजूला उष्णता, आणि म्हणाला, ‘‘यातली एक बाजू मोडा, आग मेली. कोणती मोडणं तुमच्या हातात आहे?’’ वर्गानं आपापलं ओरडून घेतलं. मग तो आम्हाला मैदानात घेऊन गेला. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग पेटवला आणि आम्हाला पळसाच्या हिरव्या फांद्या दिल्या. फांदी उंच उचलून आपटायची नाही, नाहीतर ठिणग्या उडतात. आगीवर दाबून ओढायची. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. आग चढावर माणसापेक्षा वेगानं धावते, म्हणून टेकडीवर पळायचं नाही. कोंडलात तर जळून गेलेल्या काळ्या जागेत शिरायचं, तिथं पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. जाळरेषा म्हणजे जंगलात झाडून, आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, तिथं आग येऊन थांबते. उलटी आग म्हणजे समोरून येणाऱ्या आगीला भेटायला आपणच लावलेली आग. यातलं निम्मं आमच्या घरी मायनं न सांगता शिकवलेलं होतं, पण त्याला नाव आहे, त्रिकोण आहे, फळ्यावर काढता येतं, हे पाहून मला भारी वाटलं. रज्जाकनं तणस विझवता विझवता स्वतःच्या पायजम्याला भोक पाडून घेतलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या अब्बांना विझवायचा पण तरीका सांगा, आज घरी मोठी आग लागणार आहे.’’ साहेबही हसला. त्याच्या गळ्यात पितळी शिट्टी होती. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मागं हटायचं. ती शिट्टी वर्गातल्या प्रत्येकाला हवी होती.

मग एका शनिवारी त्यानं फळा पुसला, टेबलावर बसला आणि त्याची भाषा बदलली. आतापर्यंत तो पुस्तकातलं बोलत होता. आता आमच्यासारखं बोलायला लागला. ‘‘आता सांगा पोट्टेहो, आग लागते कुठून? म्या पण खेड्यातलाच आहो. मले माहीत आहे मोहाखाली काडी लावते सारे. त्यात लपवाचं काय? पण कोणाले नीट लावता येते, कोणाले नाई, हे तं पाहा लागन ना. ज्याले नीट येते त्याच्यापासून बाकीच्यायले शिकवू.’’ माझं आता ठाम मत आहे की खुर्चीवरचा माणूस एकाएकी मले-तुले बोलायला लागला की आधी आपला खिसा धरावा. तेव्हा मात्र वाटलं, हा आपल्या घरातलाच झाला. हात भराभर वर झाले. ‘‘आमची माय गोल झाडते साहेब.’’ ‘‘आमचा बा पाण्याची घागर ठेवते.’’ ‘‘निकुऱ्याचे नाई झाडत, तसेच लावून देते!’’ निकुऱ्यांचा मुलगा उठून भांडायला लागला. जो तो आपल्या घरची आग कशी शहाणी हे सांगत होता. मुलं आपल्या घराची बढाई मारतात, हे शिकवायचा धंदा करणाऱ्या माणसाला ठाऊक असतंच. हेडमास्तर दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं एकदाही कुणाला गप्प बस म्हटलं नाही. एरवी आम्ही शिंकलो तरी तो छडी घेऊन यायचा.

पुढच्या शनिवारी जंगलात फेरी ठरली. ज्याच्या त्याच्या घरची झाडं त्यानं दाखवायची, खालची जमीन कशी तयार करतात ते सांगायचं. नीट दाखवेल त्याला शिट्टी. सगळे खूश झाले. मी झाले नाही. बाजारात मायच्या मांडीला मांडी लावून बसून मी तोवर बरंच शिकले होते, आणि एका शिट्टीवर सौदा पक्का करणाऱ्यातली मी नव्हते. नाल्यापलीकडे आमच्या झाडांपाशी आलो तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

‘‘साहेब, शिट्टी नाई पाहिजे मले.’’

‘‘मंग काय पाहिजे?’’

‘‘आमच्या भावाची भरती झाली तुमच्या खात्यात. पडताळणी तेवढी राह्यली. तुमी वर सांगजा, पोट्टा चांगला आहे म्हणून.’’

तो हसला. ‘‘भाव करून राह्यली का माह्यासंग?’’

‘‘हो. बाकीचे झाडंच दाखवन. आमी लावतो कसं, कवा, कोण काय करते, सारं सांगतो मी.’’

‘‘नाव काय भावाचं?’’

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘सांगन मी वर. आता दाखव.’’ मी दाखवलं. माय कुठून कुठपर्यंत झाडते, दिनूभाऊ कुठं उभा राहून काडी लावतो, मी पोतं घेऊन कोणत्या बाजूनं फिरते, सगळं. या आठवड्यात दुसऱ्या झाडाखालचं राहिलं आहे, ते कोणत्या दिवशी करणार, तेही सांगितलं. लोक मला विचारतात, वच्छलाबाई, तुम्हाला त्याचं वाईट वाटत नाही का. नाही वाटत. शाळेनं बोलावलेल्या गुरुजीला शाळेतली मुलगी खरं बोलली. यात मान खाली घालायची तर ज्यानं ते खरं विकून खाल्लं त्यानं घालावी.

ती सकाळ मला दवासकट आठवते. मायचा गोल झाडून झाला होता, पळसावर पोपट कचकच करत होते, नाल्यात कुणाची तरी म्हैस उतरली होती आणि तिच्या गळ्यातलं लाकडी ठोकर टकटक वाजत होतं. दिनूभाऊनं काडी लावली. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. आमच्या डाव्या हाताला निकुऱ्यांकडेही धूर निघत होता. तेवढ्यात शिट्टी वाजली. मी सवयीनं एक पाऊल मागं हटले. मैदानात शिकवलं होतं ना. झाडांमागून नाकेदार निघाले, त्यांच्या मागून राऊत. निकुऱ्यांकडची माणसं पोती टाकून नाल्यात उड्या मारून पळाली. बाकीच्या झाडांखालूनही पळापळीचा आवाज आला. दिनूभाऊला पळता आलं असतं. जिल्ह्याच्या चाचणीत पुढं राहिलेला पोरगा, त्या पोट सुटलेल्या नाकेदारांच्या हाताला तो सात जन्म लागला नसता. पण समोर आग पेटलेली होती. तो म्हणाला, ‘‘साहेब, आदी विझू द्या. मंग बोलू.’’ आणि माझ्या हातातलं पोतं घेऊन त्यानं ती आग कडेकडेनं मारत आणली. पेटती आग टाकून नाकेदार होणारा माणूस पळाला असं कुणी म्हणू नये, असं त्याच्या डोक्यात असावं. आग विझली तेव्हा दोघांनी त्याचे दंड धरले.

माय पुढं आली. ‘‘साहेब, झाडून घेतलं आहे चारी बाजूनं. पाहा ना. पान तरी जळलं का बाहेरचं?’’

राऊत आता पुन्हा पुस्तकातलं बोलत होता. ‘‘राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे, बाई. झाडून लावली काय आणि न झाडता लावली काय.’’

‘‘पण हे पोट्टं तुमच्याच खात्यात लागून राह्यलं! तुमचाच माणूस आहे हा!’’

‘‘माहीत आहे मला,’’ तो म्हणाला. हे त्याचे शब्द आहेत. मी तिथं तीन हातांवर उभी होते. त्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, आणि कशासाठी सांगितलं तेही त्याला माहीत होतं.

मी ओरडले, ‘‘साहेब, तुमी बोलले होते वर सांगतो म्हणून!’’ त्यानं गाडीरस्त्याकडे हात करून पंचांना बोलावलं. पंचनाम्याला पंच लागतात, दोन भरवशाची माणसं, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं असं सही करून सांगायचं. गाडीरस्त्यावर जीप उभी होती. जीपचं दार उघडलं आणि धोतर सावरत आमचा हेडमास्तर खाली उतरला, मागोमाग शाळेचा शिपाई. इतक्या सकाळी, शाळेपासून इतक्या लांब, खात्याच्या जीपमधून. एखादा मुलगा अवचित सापडला तर त्याला योगायोग म्हणता येतं. पंच आधीपासून जीपमध्ये बसवून आणलेला असला की त्याला योगायोग म्हणत नाहीत. मायनं त्याला पाहिलं आणि बिचारीला आधी बरंच वाटलं. तिला वाटलं, मास्तर आपल्या बाजूनं बोलायला आले. ती त्याच्या पायाकडे वाकली. ‘‘गुरुजी, तुमी तं ओळखता ना दिनूले. तुमच्याच शाळेत शिकला.’’ तो म्हणाला, ‘‘ओळखतो म्हणूनच सांगतो, कायद्याच्या कामात मधे येऊ नका,’’ आणि त्यानं खिशातून पेन काढलं.

खात्याच्या भाषेत याला पीओआर फाडणं म्हणतात, म्हणजे वनगुन्हा नोंदवणं. दरवर्षी आगी लागायच्या आणि दरवर्षी आरोपीच्या जागी ‘अज्ञात इसम’ लिहिलं जायचं. वरचे साहेब राऊतला त्यावरून झाडत होते, हे मला पुढं धंद्यात पडल्यावर खात्यातल्याच एका माणसानं चहा पिता पिता सांगितलं. त्याला नावं हवी होती. गावात विचारून कुणी सांगितली नसती, आमची माणसं एवढी दूधखुळी नव्हती. म्हणून त्यानं फळ्यावर त्रिकोण काढला. त्या वर्षी त्याला नावंही मिळाली आणि बढतीही मिळाली. आणि शाळेच्या नव्या खोलीला तर वर्ग चालू असतानाच सागाची दारं लागली होती. पोरांच्या बापांना बैलगाडीची दांडी करायला सागाची फांदी मिळत नव्हती, तेव्हा शाळेला अख्खी दारं कुठून आली हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. दिनूभाऊला धरल्यानंतरच्या सोमवारी, भर प्रार्थनेत, सगळ्यांसमोर.

‘‘गुरुजी, गुन्हा होता तं वर्गात काऊन नाई सांगितला? वर्गात तं विचारलं, कोणाले चांगलं येते!’’

‘‘खाली बस.’’

‘‘दार नवे कोणी देल्ले?’’

त्यानं मला ओट्यावर बोलावून छडी मारली. रज्जाक मागून ओरडला, ‘‘उसको क्यूं मारते? सही तो बोल री है!’’ मग त्यालाही पडली. आम्ही दोघं दिवसभर व्हरांड्यात उभे होतो, हात सुजलेले. त्या दिवशी रज्जाकनं नाक धरलं नाही. मधल्या सुट्टीत करीमभाईला कुणीतरी जाऊन सांगितलं. तो दुकान उघडं टाकून आला आणि हेडमास्तरला चार गोष्टी सुनावून गेला. त्याच्या घराचं एकही मोहाचं झाड नव्हतं. ज्यांची होती त्यांच्यातला एकही बाप आला नाही. ते आम्ही नावं सांगितली म्हणून आमच्यावरच चिडून बसले होते. निकुऱ्यांनी तर आमच्या विहिरीवर येणं बंद केलं. पळून गेले होते ना ते, त्यांना आमच्यावर चिडायला भरपूर सवड होती.

त्याच आठवड्यात मी चालत राऊतच्या ऑफिसला गेले. सौदा झाला होता, माझ्या बाजूचा माल मी दिला होता, आता त्याच्या बाजूचा द्यावा, असं मला सरळ दिसत होतं. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, शिपायाकडून बिस्किटं मागवली. मी म्हटलं, ‘‘बिस्कुट नाई पाहिजे. माह्या भावाचं नाव काढा.’’ तो म्हणाला, ‘‘पोरी, एकदा लिहिलं की निघत नाही ते. पण तू हुशार आहेस. सगळ्या वर्गात पहिली आलीस. हे घेऊन जा.’’ आणि त्यानं टेबलाच्या खणातून आग विझवायच्या वर्गाचं प्रमाणपत्र काढून माझ्यापुढं ठेवलं, माझं नाव वळणदार अक्षरात, खाली हेडमास्तरची सही. मी ते त्याच्यासमोर फाडलं. बिस्किटं उचलून खिडकीबाहेरच्या कोंबड्यांना टाकली. तो हसला. वर्गातही तो असाच हसायचा.

दिनूभाऊच्या पडताळणीच्या कागदावर ‘वनगुन्हा प्रलंबित’ असं आलं आणि त्याच्या जागी यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं. खटला तारखांवर तारखा चालला आणि शेवटी साक्षीला कुणी येईना म्हणून निकाली निघाला. तो सुटला तोवर त्याचं भरतीचं वय निघून गेलं होतं. बाबांनी त्याला सावलीच्या मिलमध्ये आपल्या शेजारी उभं केलं. बाबा पुन्हा कधी त्याला नाकेदारसाहेब म्हणाले नाहीत. चुकून एकदा ओठांवर आलं तर तंबाखू मळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. दिनूभाऊनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या दिवसापासून तो मोह वेचायलाही आला नाही. बायकोमुलं आली, पाठ वाकली, तरी जंगलाच्या वाटेनं जाणं त्यानं टाळलं. नातेवाइकांकडे जायचं झालं तर सडकेचा लांब फेरा घ्यायचा. ज्या माणसाला दिवसभर जंगलात राहायचं होतं त्यानं जन्मभर तांदळाच्या कोंड्यात श्वास घेतला. मी त्याला धंद्यात घ्यायला निघाले तेव्हा म्हणाला, ‘‘तुह्या गोदामात मोहाचा वास येते, वच्छे. मले जमत नाई.’’

हे सगळं आज लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात त्याच शाळेच्या आताच्या मुख्याध्यापकाचा मला फोन आला. तरुण माणूस, बोलायला गोड. म्हणाला, ‘‘बाई, आपण शाळेत पुन्हा आग विझवायचा वर्ग सुरू करतो आहोत. पहिला वर्ग ज्यांनी घेतला ते राऊतसाहेब चंद्रपूरला असतात, त्यांचा सत्कार करायचा आहे. तुम्ही तेव्हाच्या विद्यार्थिनी, आता एवढ्या मोठ्या झालात. मंडप आणि विझवायचं साहित्य तुमच्याकडून व्हावं अशी इच्छा आहे.’’ मी विचारलं, वर्गात काय शिकवणार? त्यानं उत्साहानं सांगितलं. हवेचे ब्लोअर आहेत, चष्मे आहेत, आग लागली की उपग्रहाकडून मोबाइलवर संदेश येतो. ‘‘आणि बाई, मुलं मोबाइलवर नकाशात खूण करणार आहेत. आपल्या गावात आग कुठून लागते, कोणत्या झाडाखालून, ते मुलंच सांगणार.’’

माझ्या कानात काही क्षण नुसती शिट्टी वाजली. मग मी म्हटलं, ‘‘त्या खुणा जाणार कोणाकडे?’’

‘‘खात्याकडे असतील बहुतेक. मी विचारून सांगतो.’’

‘‘विचारा. आणि मंडप देते, साहित्य देते, तुम्ही मागाल त्याच्या दुप्पट देते. शाल गळ्यात पडायच्या आधी राऊतनं उभं राहून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची.’’

‘‘बाई, म्हातारं माणूस आहे. जुनी गोष्ट आहे. सत्काराच्या कार्यक्रमात बरं दिसणार नाही.’’

‘‘माझा भाऊपण म्हातारा आहे,’’ मी म्हटलं. त्याचा फोन पुन्हा आला नाही. साहित्य कुणा दुसऱ्याकडून मिळालं असेल. पण मी कार्यक्रमाला जाणार आहे, बोलावलं तरी आणि न बोलावलं तरी, आणि दिनूभाऊला गाडीत घालून बरोबर नेणार आहे. तो नको म्हणतो आहे. त्याचं मी ऐकणार नाही.

राऊतसाहेब, तुम्ही हे वाचाल किंवा कुणी वाचून दाखवेल. तुम्ही मला त्याचं नाव विचारलंत तेव्हा ते कुठं लिहिणार हे तुमच्या मनात ठरलेलं होतं की नव्हतं? आणि जो एकटा आग विझवायला थांबला त्यालाच धरायचं, हे तुम्ही कोणत्या वर्गात शिकला होतात? हेडमास्तर मेला, त्याच्या वाटणीचं शाळेनं बोलावं. दारं अजून तिथंच आहेत. आणि आताच्या गुरुजींनी आधी हे जाहीर करावं की नववीची मुलं ज्या झाडांवर खूण करतील, त्या झाडांखालच्या माणसांचं पुढं काय करणार आहात. हे झाल्याशिवाय त्या शाळेत एकाही मुलाच्या हातात फांदी देऊ नका. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. माझ्याकडे बघू नका. माझ्या शेजारी दिनकर बसलेला असेल, उत्तर त्याच्याकडे बघून द्या.